चिंचेखालची दहा पावलं

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, तेव्हा या कागदावर आपली दोघींची बरोबरी झाली असं समजा. मी तिसरी पास, तीही वेवजीच्या शाळेत, जिथं मास्तर अर्धं गुजरातीत शिकवायचे आणि अर्धं छडीनं. सासूला आई म्हणायचं हे माझ्या आईनं पाठवणीच्या दिवशी कानात सांगितलं होतं. तुम्ही होतात तोवर मी ते पाळलं, मनापासून किती वेळा ते विचारू नका. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं काही फार वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण दोन महिन्यांपूर्वी डहाणूच्या कोर्टात जे झालं त्यावर माझ्याबरोबर पोट धरून हसेल असं माणूस मला सापडेना. घरातले हसले, पण त्यांना अर्धंच कळलं. पूर्ण तुम्हालाच कळलं असतं. आणि कागद कुठला घेतलाय तो बघा. शेजारच्या बंगलेवाल्यानं आपल्यावर दावा केला त्याच्या झेरॉक्स आहेत या. आपल्याला तीन प्रती आल्या, मागची बाजू कोरी, पांढरी स्वच्छ. पुढं त्याचं रडगाणं, मागं माझी गंमत.

बंगलेवाला तुम्हाला माहीत नाही. तुमच्या वेळी तिथं चिकूची वाडी होती, तिच्या मालकाची पोरं मुंबईला गेली आणि वाडी विकून मोकळी झाली. मग हा आला. कुठल्याशा मोठ्या कंपनीत साहेब होता म्हणे, आता निवृत्त. माणसं तीन, गाड्या तीन, कुत्रा एक, आणि त्या कुत्र्याला पंखा. बंगल्याचं नाव ‘निवांत’. दर शनिवारी निवांतमध्ये अशी गाणी लागतात की आपल्या मांडणीवरची भांडी हलतात. चिकूची सगळी झाडं तोडून त्यानं हिरवळ लावली, पार नरपडच्या किनाऱ्यापर्यंत कुणाच्या गुरांनी तोंड लावलं नसेल असलं गवत. दोन झाडं शोभेला ठेवली आणि त्यांच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा असा आवळला, जसा त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. वर मला विचारतो, “आजी, यांना चिकू का धरत नाहीत हो?” मी म्हटलं, “लाजत असतील.” त्यानं मान हलवली आई, खरंच हलवली. माणूस शिकला की इतका रिकामा होतो हे मला ठाऊक असतं तर तिसरीचीही खंत केली नसती.

आता चिंचेचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. चिंच अजून आहे. तुमचं शेराचं कुंपणही आहे, रस्त्यापासून दहा पावलं आत, तुम्ही धरलं होतं तिथंच. मला या घरात येऊन जेमतेम महिना झाला असेल. मी ओसरीवर तांदूळ निवडतेय. भर दुपारी एक गाडी येते, तलासरीकडून गवत भरून स्टेशनला चाललेली, आणि गाडीवान चिंचेखाली खुशाल बैल सोडतो. मी नवी नवरी, मला वाटलं आपलं घर राखावं. मी ओरडले, “ए, गाडी पुढं घे, हे आमचं अंगण आहे!” तुम्ही चुलीपुढून उठून आलात. हाताला तांदळाचं पीठ कोपरापर्यंत. गाडीवानासमोर, बैलांसमोर मला म्हणालात, “तू आलीस कधी? वैशाखात ना? ही चिंच त्याला तुझ्या आधीपासून ओळखते.” मग माझ्याकडून विहिरीच्या चार बादल्या काढवल्या, दोन एका बैलाला, दोन दुसऱ्याला, आणि गाडीवानाला गूळ द्यायला लावलात. बैल पीत होते, मी रडत होते आणि तो गाडीवान गूळ चघळत मला सांगत होता, “डावा शिंग मारतो हां, सांभाळून.”

त्या दिवशी जेवताना मी तोंड फुगवून बसले होते. तुम्ही भाकरी थापत पाठमोऱ्याच बोललात, “स्टेशनापर्यंत सावली एवढी एकच. म्हणून मी कुंपण आत घेतलं. जागा आपली आहे म्हणून तर सोडता येते. लोकांची जागा कोण सोडणार?” मी मनात म्हटलं, झालं, आता रस्ताही यांचाच. कारण तुम्हाला सगळं आपलं म्हणायची सवय होती. चिंच आपली, तिच्यावरचे बगळे आपले, चिखल्याच्या खाडीवरून येणारा वारा आपला. मला काय माहीत त्यातलं खरं कुठलं आणि बढाई कुठली. संध्याकाळी तुम्ही त्या चिंचेजवळच्या काळ्या दगडावर बसायचात, त्यावरच कोयत्याला धार लावायचात आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवानांना शिव्या घालायचात. “अरे, बैलाच्या डोळ्यात बघ, तुझ्यापेक्षा हुशार दिसतो.” आणि शिव्या खाऊन ते हसत पाणी पिऊन जायचे. मी आतून ऐकायचे आणि म्हणायचे, काय ही बाई.

पुढं गाड्या बंद झाल्या, टेम्पो आले. टेम्पोला सावली लागत नाही, ड्रायव्हरला लागते, पण त्याला वेळ नसतो. तुम्ही गेलात. चिंचेखालची जागा तशीच उघडी राहिली आणि सगळ्या गावाच्या, आपल्या घराच्याही डोक्यात बसलं की कुंपण संपलं तिथं आपलं संपलं, पुढं सरकारी रस्ता. कागद बघायला कोण जातंय. असली चूक फक्त आपल्या घरातच व्हायची. लोक कुंपण दोन बोटं बाहेर सरकवतात, तुम्ही दहा पावलं आत घेतलं, आणि मरताना कुणाला नीट सांगितलंही नाही. मग बंगलेवाला आला आणि त्यानं तिन्ही गाड्या आणून चिंचेखाली लावल्या. मला विचारायला आला होता, तेवढं खरं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “लावा की हो, सरकारचा रस्ता आहे.” त्यानं तिथं भराव टाकला, विटकरी फरशा बसवल्या. तुमचा दगड त्यात दिसेनासा झाला. मला वाटलं रस्तावाल्यांनी उचलून नेला. मग एक दिवस पाटी लागली, ‘खाजगी पार्किंग. इतर गाड्यांची हवा काढली जाईल.’ सरकारच्या रस्त्यावर खाजगी! मी त्या पाटीकडे रोज बघायचे आणि आपलं वाल सोलायचे.

आता तुमच्या पणतीचं. तुमच्या मांडीवर मुतायची ती. आता सव्वीस वर्षांची आहे, चष्मा लावते, आणि तुमच्यासारखीच कमरेवर हात ठेवून बोलते, मला तर कधी कधी दचकायला होतं. हद्दीपलीकडे गुजरातेत औषधांच्या कंपनीत होती, पहाटेची बस, अंधार पडल्यावर घरी, हातांना सारखा कसलातरी वास. एक दिवस मला म्हणाली, “आजी, मी नोकरी सोडते. आपण दोघी खानावळ काढू. ओसरीवर सहा टेबलं. तुझी उकडहंडी, तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. समुद्रावर येणारे लोक शहरातलंच थंडगार चायनीज खाऊन जातात गं.” मी म्हटलं, “माझ्या हातचं परक्यांनी खायचं?” म्हटलं वरवर, पण मला त्या रात्री झोप आली नाही आनंदानं. पन्नास वर्षं रांधते आहे, कुणी टेबल मांडून खाल्लं नव्हतं. पोरीनं सगळं रीतसर केलं. नकाशा काढला, कचेरीत अर्ज दिला. तिथं म्हणाले, खाणाऱ्यांच्या चार गाड्या कुठं उभ्या राहणार ते दाखवा. तिनं चिंचेखालची जागा दाखवली. साहेब येऊन बघून गेले, परवानगी आली. ती परवानगी तिनं देवाऱ्यात ठेवली, मी कुंकू लावलं.

आणि बंगलेवाला कोर्टात गेला. का, तर म्हणे परवानगी खोटी आहे. चिंचेखालची जागा हिची नाही, हिच्याकडे पार्किंग नाही, गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील, परिसराची शांतता भंग होईल. शांतता! भांडी हलवणारा माणूस. मी त्याच्या फाटकाशी गेले. तो झोपाळ्यावर, हातात ग्लास, हिरवं काहीतरी पीत. मी म्हटलं, “शेठ, सहा टेबलं आहेत हो. एक कमी करा म्हणालात तर पाच करू, पण सगळंच बंद केलंत तर पोरीचं काय होईल?” तो म्हणाला, “आजी, माझं वैयक्तिक काही नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे. नियोजन म्हणून काही गोष्ट असते. तुम्हाला नाही कळणार.” मी म्हटलं, “बरोबर आहे, मला चुलीचंच कळतं. पण तुमच्या तीन गाड्या चिंचेखाली उभ्या राहतात त्या कुठल्या नियोजनात?” तर म्हणतो, “त्या आधीपासून आहेत.” आधीपासून! दहा वर्षांपूर्वी आलेला माणूस त्या चिंचेखाली मला आधीपासूनचं सांगतो. तुम्ही असतात तर त्याला विचारलं असतंत, वैशाखात आलास ना? मला वेळेवर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं, मग भाकरीला सांगितलं.

कोर्टानं स्टे दिला. सहा टेबलं एकावर एक रचून ओसरीत पडली, त्यांच्यावर मांजर व्यायली. सव्वा वर्ष गेलं आई. पोर तारखेला जायची, यायची, बोलायची कमी. त्या कंपनीतून फोन आला, परत येतेस का, जागा रिकामी आहे. तिनं मला सांगितलं नाही, मी ऐकलं. ती फोनवर म्हणत होती, “महिनाभर थांबा सर, इकडचं काय ते कळू दे.” तिचे हात तेव्हा कुठं स्वच्छ वासाचे झाले होते. मला वाटलं, हे घर आता पहाटेच्या बसला परत जाणार, आणि मी पुन्हा एकटी वाल सोलणार, त्या पाटीकडे बघत.

आपल्या वकिलाचंही सांगते, तो भला आहे पण अर्धा वेळ फोनवर असतो. त्यानं माझ्याकडून एक प्रतिज्ञापत्र करून घेतलं. मला वाचून दाखवलं, की चिंचेखालची जागा आमची नाही, ती सरकारी रस्त्याची कड आहे, ती सगळ्यांना वापरता येते, शेजाऱ्याला येते तशी आम्हालाही. मी म्हटलं, बरोबर आहे, लिहा. आणि शपथेवर सही केली, माझं आख्खं नाव, मोठ्या अक्षरात, ओळ थोडी वर चढली. बंगलेवाल्याचा वकील पुढच्या तारखेला नाचलाच. “बघा, त्याच सांगतायत जागा त्यांची नाही! मग परवानगी कशाच्या जोरावर?” आणि त्यांनीच अर्ज केला, की सरकारी मोजणी करून घ्यावी, म्हणजे कायमचा निकाल लागेल. जजबाई म्हणाल्या, होऊन जाऊ दे. आपला वकील बाहेर येऊन घाम पुसत म्हणाला, “आजी, आता अवघड आहे.”  रिक्षात बसून पोरीनं त्या कंपनीचा नंबर काढला, नुसता बघितला, आणि ठेवून दिला.

मोजणीला एक मुलगी आली, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, तीन पायांवर उभं राहणारं मशीन घेऊन. सकाळपासून उन्हात. बंगलेवाला खुर्ची टाकून बसला, छत्री एकाला धरायला लावली, जणू त्याचीच वरात आहे. मी त्या मुलीला ताक दिलं. तो म्हणाला, “आजी, सरकारी माणसाला ताक पाजू नका, परिणाम होतो.” ती म्हणाली, “साहेब, परिणाम उन्हाचाही होतो.” आणि प्याली. ती मशीनमधून बघायची, कागद बघायची, पुन्हा मशीनमधून बघायची. मग कुंपण ओलांडून बाहेर आली. मग आणखी बाहेर. बंगलेवाल्याच्या दोन गाड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “इथं हद्दीचा दगड असायला पाहिजे. फरशी काढावी लागेल.” तो जोरात म्हणाला, “काढा, काढा! माझं काही लपलेलं नाही.” स्वतःच्याच माळ्याला पहार आणायला सांगितली त्यानं. माळी खणतोय, फरशा निघतायत, खाली भराव, भरावाखाली काळी माती. आणि ठण्ण असा आवाज झाला.

मी पुढं गेले. गुडघ्यांनी नको म्हटलं तरी खाली बसले आणि हातानं माती पुसली. दगडाच्या माथ्यावर लांब खाच होती आई. तुमच्या कोयत्याची. बोट घातलं तर अजून गुळगुळीत. मला काय झालं कोण जाणे, मी तिथंच म्हणाले, “अगंबाई, बसायचा दगड!” मोजणीवाली हसली, म्हणाली, “आजी, हा बसायचा नाही, तुमच्या जमिनीचा दगड आहे. चिंच आणि हे सगळं तुमच्या सातबाऱ्यात आहे, पार डांबरापर्यंत. कुंपण एवढं आत कुणी घातलं?” बंगलेवाला खुर्चीतून उठला, छत्री तिथंच राहिली, डोकं उन्हात. “हे शक्य नाही. पुन्हा मोजा.” तिनं पुन्हा मोजलं. दुसऱ्या वेळी चार बोटं जास्तच आलं.

मग शेवटची तारीख. जजबाईंनी मोजणीचा नकाशा बघितला. मग बंगल्याचाच मंजूर नकाशा काढायला लावला, तो मागवायचं एक शहाणपणाचं काम आपल्या वकिलानं केलं होतं. त्यात बंगलेवाल्यानं स्वतःच्या आवारात तीन गाड्यांची जागा दाखवलेली. जजबाईंनी विचारलं, “मग ही पार्किंगची जागा आता कुठं आहे?” त्याचा वकील कागद चाळायला लागला. मला माहीत होतं. तिथं निळ्या फरशीचा पोहायचा हौद आहे. मी पोरीला हळूच म्हटलं, पण माझं हळू तुम्हाला माहीत आहे, “गाड्या काय पोहायला शिकतायत?” मागचे बाक हसले. शिपाई श्श करून अंगावर आला. जजबाईंनी खाली बघून पेन शोधलं, बराच वेळ शोधलं. मग मला पुढं बोलावलं. मी कठड्याला धरून उभी, पायातली चप्पल काढून ठेवलेली, देवळासारखी. त्या म्हणाल्या, “आजी, तुम्ही शपथेवर लिहून दिलंत की जागा तुमची नाही. आता ती तुमची निघाली. एवढी वर्षं कुंपण आत कशासाठी?” सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं, बंगलेवालाही.  आणि मग तुमची पाठ दिसली, चुलीपुढची, पिठाचे हात. मी म्हटलं, “मॅडम, आपली आहे म्हणून तर सोडता येते. लोकांची जागा कोण सोडणार?”

 जजबाईंनी टायपिंगवाल्याला सांगितलं, “हे त्यांच्या शब्दांत घ्या.” त्यानं मला पुन्हा म्हणायला लावलं आणि टाइप केलं. दावा फेटाळला. स्टे उठला. पोरीनं कोर्टाच्या पायऱ्यांवर मला अशी मिठी मारली की माझा चष्मा तिच्या केसात अडकला, आणि त्याच पायऱ्यांवर उभं राहून तिनं फोन लावला, “सर, माझी वाट बघू नका. नाही येणार.” तिचा आवाज, आई, गाडीवानाला शिवी घातल्यावर तुमचा यायचा तसा मोकळा.

वकील म्हणाला, साखळी लावा, पाटी लावा, त्याच्या गाड्या आता एक मिनिटही उभ्या राहू देऊ नका. तुमच्या नातवानं, माझ्या लेकानं, दुकानातून साखळी आणलीसुद्धा. पण मला त्याहून चांगलं सुचलं. शनिवारी बंगलेवाल्याची गाडी आली आणि रस्त्यावरच थांबली, मागं टेम्पो हॉर्न वाजवतोय. तो उतरला. कुंपणाशी येईपर्यंत दहा पावलं, ती दहाही मी मोजली. “आजी,” म्हणाला, “हौद बुजवायचं काम काढलंय. तोवर गाडी… दोन दिवस…” मी ओसरीवरूनच म्हटलं, “लावा की. जागा आमचीच आहे.” त्यानं लावली. चिंचेखाली, तुमच्या दगडापासून हातभर. मग मी विहिरीवर गेले, गुडघे दुखत होते तरी गेले, एक बादली भरून आणली आणि गाडीच्या तोंडापुढं ठेवली. “पिऊ दे तिला,” म्हटलं, “उन्हातून आलीय.” आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानं तो खडा हातात धरला, खाऊही शकेना, टाकूही शकेना. पोर स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर डोकं टेकून हसत होती. आता दर शनिवारी असंच चालतं. तो विचारतो, मी हो म्हणते, बादली ठेवते. साखळी लावली असती तर तो एकदाच चिडला असता. असा तो दर आठवड्याला उपकारात भिजतो. गावात म्हणतात, आजीचं मन बघा केवढं. तुम्हाला म्हणून सांगते, मन वगैरे काही नाही. मला मजा येते. आणि आता वाटतं, त्या दगडावर बसून पाणी पाजता पाजता शिव्या घालताना तुम्हालाही थोडी येत असणार.

खानावळ सुरू झाली. आज उकडहंडी दुपारीच संपली. त्याच्याच जुन्या पाटीवर पोरीनं रंग मारला, हवा काढायचं पुसून टाकलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपली आहे म्हणून तर सोडता येते’. त्याखाली ‘आजी’. खाणारे लोक तिचे फोटो काढतात. परवा एक बाई जेवून हात धुता धुता मला म्हणाली, “किती छान बोललात हो तुम्ही,” आणि मी पदर सावरून म्हटलं, “असंच आपलं सुचलं.”

असंच सुचलं म्हणाले आई. तुमचं वाक्य, ज्यावर मी पन्नास वर्षं विश्वास ठेवला नाही आणि ज्याच्या उलट शपथेवर सही केली, ते आता कोर्टाच्या शिक्क्यानिशी माझं म्हणून लागलंय. पोरीला सांगायला पाहिजे की पाटीवर पणजी लिही. रंगाचा डबा अजून ओसरीवरच आहे, ब्रशही अजून मऊ आहे. हा कागद घडी करून मी मसाल्याच्या डब्याखाली ठेवतेय, तिथं ती हात घालत नाही. आणि सांगणार मी काही नाहीये.